इस्राएल आळी, मुक्काम पोस्ट बर्लिन

मागच्या नोव्हेंबरात पंधरा दिवस बर्लिनला भाच्याकडे राहून आले. दिवाळी नुकतीच झाली होती, त्यामुळे बॅगेत अर्धं वजन कपड्यांचं आणि अर्धं फराळाचं, आणि पठ्ठ्याने एअरपोर्टवर मला कशी आहेस विचारायच्या आधी चकली आणलीस का हे विचारलं, असो. तो तिथे शिकतोय. मी येणार म्हणून त्याने मोबाईलमध्ये एक मोठी लिस्टच करून ठेवली होती, ब्रँडनबुर्ग गेट, भिंतीचे उरलेले तुकडे, टीव्ही टॉवर, अजून काय काय, कुठल्या दिवशी काय आणि कुठे काय खायचं इथपर्यंत. ज्यू म्युझियम त्यात नव्हतं. मी म्हटलं मला तिथे जायचंय.

"मावशी, सुट्टीला आलीयस ना, कशाला डोक्याला ताप? तिथे लोक रडत बाहेर येतात."

"अरे आमचं अर्धं लहानपण इस्राएल आळीत गेलंय, मला बघू दे यांच्याकडे काय काय ठेवलंय."

"इस्राएल आळी म्हणजे?"

आता हा मुलगा ठाण्यात वाढलेला, अलिबाग म्हणजे त्याच्या लेखी शनिवार-रविवारचा बीच आणि माझ्या आईच्या हातचे मासे. त्याचा काय दोष. म्हणून त्याला ट्रेनमध्ये जे सांगितलं तेच आधी इथे सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अलिबागमध्ये इस्राएल आळी आहे, खरंच आहे, तिथे त्यांचं देऊळ आहे, मागेन आबोथ नावाचं. सिनेगॉग हा शब्द मी फार नंतर ऐकला, जुनी माणसं त्याला मशीद म्हणायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. आम्ही त्या लोकांना ज्यू म्हणत नव्हतो, ज्यू हा शब्द शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात होता, हिटलरच्या धड्यात. शेजारी राहायचे ते इस्राएल लोक. पुस्तकातले ज्यू आणि शेजारचे इस्राएल हे एकच, हे मला सातवी-आठवीपर्यंत खरंच माहीत नव्हतं, हसू नका. गावात अजून जुनं नाव म्हणजे शनवार तेली, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. त्यांची गोष्ट अशी की फार पूर्वी, किती शतकांपूर्वी यावर अभ्यासक अजून भांडतात, नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं आणि त्यातून सात बायका आणि सात पुरुष वाचले, त्यांचीच ही सगळी प्रजा. नवगाव आमच्यापासून फार लांब नाही, तिथे त्यांची जुनी दफनभूमी आहे आणि स्मारकही. मग ज्या गावात जो राहिला त्याचं ते आडनाव झालं, रोहेकर, पेणकर, किहीमकर, चेऊलकर, नौगावकर. सिनेमातले डेव्हिड, ते जॉन चाचा, ते चेऊलकर होते हे किती जणांना माहीत असतं?

आमच्या भिंतीला भिंत लावून त्यातल्याच एक आजी राहायच्या. नऊवारी, केसांचा आंबाडा, बोलणं आमच्यापेक्षा जास्त रायगडी. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर खांद्याच्या उंचीला बोटभर लांबीची एक नळी ठोकलेली होती. आत जाता-येता आजी तिला हात लावून बोटं ओठांना लावायच्या आणि आम्ही पोरंही त्यांचं बघून तसंच करायचो, हात पोचत नसेल तर उडी मारून. माझ्या आईने कधी अडवलं नाही. तिचं म्हणणं, देवाचंच आहे ना काहीतरी, मग लावा हात.

हे सगळं सांगेपर्यंत आमचं स्टेशन आलं. हालेशेस टोअरला उतरून दहा मिनिटं चालायचं. मेन प्रदर्शनाला तिकीट नाही, फुकट आहे, पण आत जायच्या आधी एअरपोर्टसारखं सिक्युरिटी चेकिंग, बॅगा मशीनमधून, आणि बाहेर पोलीस. माझ्या बॅगेत चकलीचा डबा होता, वाटेत भूक लागली तर म्हणून. मशीनवरच्या बाईंनी तो उघडायला लावला, एक चकली उचलून गोल गोल फिरवून बघितली आणि भाच्याकडे बघितलं. त्याने जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं, त्या हसल्या, डबा परत मिळाला. काय सांगितलंस विचारलं तर म्हणे, तांदळाचं बिस्किट. भाजणीच्या चकलीला तांदळाचं बिस्किट म्हणणाऱ्याला यापुढे फराळ पाठवायचा नाही असं मी तिथेच ठरवलं.

इमारतीबद्दल सांगायलाच हवं कारण निम्मं म्युझियम म्हणजे ती इमारतच आहे. डॅनियल लिबेस्किंड हा आर्किटेक्ट, १९४६ साली पोलंडमधल्या वूच शहरात जन्मलेला, आईवडील दोघंही हिटलरच्या काळातल्या ज्यूंच्या संहारातून वाचलेले. त्याने आकाशातली वीज जमिनीवर आडवी पाडून ठेवावी तशी नागमोडी इमारत बांधलीय, सगळी जस्ताच्या पत्र्याने मढवलेली, आणि खिडक्या म्हणजे कुणी रागाच्या भरात पत्र्यावर सुरीने सपासप चिरा मारल्यासारख्या. गंमत म्हणजे या नव्या इमारतीला रस्त्याकडून आत जायला दारच नाही. शेजारी १७३५ सालची पिवळी, छान नटलेली जुनी कोर्टाची इमारत आहे, तिच्यातून आत शिरायचं, मग जिना उतरून जमिनीखाली जायचं आणि तिथून नव्या इमारतीत. वरून बघितलं तर दोन्हींचा काही संबंध दिसत नाही, जोड सगळा जमिनीखाली.

इमारत १९९९ मध्ये तयार झाली, आत एकही वस्तू नव्हती, तरी लोक नुसती रिकामी इमारत बघायला येत होते, लाखांनी. मग प्रदर्शन मांडून लोकांसाठी उघडायची तारीख ठरली ११ सप्टेंबर २००१. हो, तीच. त्या दिवशी दुपारी न्यूयॉर्कच्या बातम्या आल्या आणि उघडणं दोन दिवस पुढे गेलं.

पण मला त्याहून जास्त लागली ती दुसरी तारीख. बर्लिनचं हे पहिलं ज्यू म्युझियम नाही. पहिलं ओरानियनबुर्गर रस्त्यावर उघडलं होतं, २४ जानेवारी १९३३ ला. हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारीला. सहा दिवस! म्हणजे बघा, लोकांनी वर्षानुवर्षं चित्रं जमवली असतील, जुन्या पूजेच्या वस्तू, फ्रेमा करून घेतल्या असतील, कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर यावरून वाद घातले असतील, उद्घाटनाला नवे कपडे घालून आले असतील, आणि सहाच दिवसांनी... तरी ते म्युझियम पुढे पाच वर्षं चालू ठेवलं त्यांनी. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत नाझींनी ज्यूंची देवळं आणि दुकानं जाळली-फोडली, त्या रात्रीनंतर गेस्टापोने, म्हणजे त्यांच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद पाडलं. मी गेले तोही नोव्हेंबरच.

खाली उतरलं की तीन रस्ते फुटतात. काळी फरशी, पांढऱ्या भिंती, आणि जमीन किंचित चढ-उताराची, म्हणजे दिसत नाही पण पायाला कळतं. एक रस्ता देश सोडून गेलेल्यांचा, एक मारले गेलेल्यांचा, एक जे चालू राहिलं त्याचा. आम्ही आधी पहिला धरला. भिंतींवर जगभरातल्या शहरांची नावं, जिथे जिथे ही माणसं पळून गेली तिथली. मी तिथे उभी राहून भाच्याला आकाशवाणीची धून गुणगुणून दाखवली, ती सकाळी स्टेशन सुरू व्हायच्या आधी वाजणारी, आमच्या पिढीला झोपेत ऐकवली तरी ओळखू येईल अशी. ती ज्याच्या नावावर सांगतात तो वॉल्टर काउफमन बर्लिनला संगीत शिकलेला ज्यू, १९३४ ला मुंबईत आला आणि बारा वर्षं राहिला. आणि रुडी फॉन लायडन, जन्म बर्लिनचा, ज्यू कुळातला, १९३३ मध्ये मुंबई गाठली, पुढे पेपरात चित्रांवर लिहायचा आणि हुसेन, रझा, आरा ही मंडळी कुणाला माहीत नव्हती तेव्हा त्यांच्या पाठीशी उभा राहिला. म्हणजे इथून कुणी उठून गेला त्याचा फायदा आपल्याला झाला, हे विचित्रच वाटतं म्हणायला. भाचा म्हणाला, "मावशी, हळू गा, लोक बघतायत."

या रस्त्याच्या टोकाला एक बाग आहे, निर्वासितांची बाग म्हणू. बाग कसली, काँक्रीटचे एकोणपन्नास चौकोनी खांब, सात गुणिले सात, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच, आणि झाडं लावलीयत ती खांबांच्या डोक्यावर. जमीन बारा अंशांनी तिरकी. बारा म्हणजे काही फार नाही असं वाटतं ना, पण खांबही जमिनीसारखेच कललेले आहेत त्यामुळे डोळे सांगतात सगळं सरळ आहे आणि पोट सांगतं काहीतरी चुकतंय, मला तर रेवस-भाऊच्या धक्क्याच्या लाँचमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर बसल्यासारखं झालं. अठ्ठेचाळीस खांबांत बर्लिनची माती, १९४८ साली इस्राएल देश झाला म्हणून अठ्ठेचाळीस, आणि मधल्या एका खांबात जेरुसलेमची, ती बर्लिनच्या नावाने. हे आकडे मी माहितीपत्रकात वाचले, नाहीतर उभ्या उभ्या कुणाला कळणार आहेत. पण मळमळ झाली ती खरी.

दुसऱ्या रस्त्याच्या टोकाला तो टॉवर. जड दार ढकलून आत जायचं, ते मागे धप्पकन बंद होतं. चोवीस मीटर उंच, नुसतं काँक्रीट, आत हीटर नाही, वर कोपऱ्यात कुठेतरी एक फट, तेवढाच उजेड. नोव्हेंबरची थंडी म्हणजे आत हाडं गोठतात. बाहेर रस्त्यावरचे आवाज बारीक बारीक येतात, गाडी गेली, कुणी मूल ओरडलं, म्हणजे बाहेर सगळं व्यवस्थित चालू आहे. आम्ही सात-आठ जण होतो, कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

आता मी जे म्हणणार आहे ते काही लोकांना आवडणार नाही. टॉवर भारी आहे, अंगावर येतो, पण मला सारखं वाटत राहिलं की इमारत माझा हात धरून सांगतेय, आता इथे घाबर, आता इथे तोल जाऊ दे. त्याच्यापेक्षा त्याच रस्त्यावर भिंतीत काचेमागे ज्या बारक्या वस्तू ठेवल्यात ना, घरच्यांनी दिलेल्या, पत्रं, फोटो, रोजच्या वापरातलं काहीबाही, आणि शेजारी दोन-चार ओळी की हे कुणाचं आणि त्या माणसाचं पुढे काय झालं, तिथे मी खरी अडकले. तिथे कुणी काही करत नाही तुम्हाला. नुसतं एक पाकीट असतं, तिरक्या अक्षरात पत्ता.

१९३३ ला या एका शहरात एक लाख साठ हजार ज्यू राहत होते. त्यातल्या पंचावन्न हजारांहून जास्त माणसांना मारलं. अलिबागची आख्खी वस्ती धरली तरी त्यात दोनदा मावेल. मी मुद्दाम तसा हिशोब केला कारण आकडे मला असेच कळतात.

मग एक जागा आहे, इमारतीत मधे मधे मुद्दाम रिकामे ठेवलेले उंच कप्पे आहेत त्यातली. तिथे जमिनीवर लोखंडाची जाड गोल तोंडं पसरलीयत, दहा हजारांहून जास्त, डोळ्यांची दोन भोकं आणि उघडं तोंड, एकावर एक पडलेली. मेनाशे कादिशमान या इस्राएली शिल्पकाराचं काम, नाव शालेखेत, म्हणजे पानगळ. आणि त्याच्यावरून चालायचं. तसंच आहे ते, लोकांनी चालावं म्हणूनच. पाय पडला की लोखंडावर लोखंड आपटून खणखण आवाज येतो आणि उंच भिंतींमुळे तो घुमतो.

मला नाही जमलं. अहो आपल्याकडे चुकून वहीला पाय लागला तरी हात कपाळाला जातो, बसमध्ये अनोळखी माणसाला पाय लागला तरी आपण त्याच्या खांद्याला हात लावून तो आपल्या छातीला लावतो. इथे तोंडांवर पाय? माझ्यामागे शाळेची पोरं होती, जर्मन, चौदा-पंधरा वर्षांची, ती खणखणत पार टोकापर्यंत जाऊन आली, त्यांच्या टीचर काही बोलल्या नाहीत. पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, चालल्याशिवाय आवाज येत नाही आणि तो आवाज ऐकवण्यासाठीच तर हे आहे, म्हणजे ती पोरं बरोबर होती आणि मी काठावर उभी राहून सोवळं पाळत होते. भाचा दोन पावलं गेला, खाली बघितलं, आणि परत आला. "आवाज फार होतो," एवढंच म्हणाला. सकाळपासून चाललेली त्याची टकळी इथून पुढे जरा कमी झाली.

तिसरा रस्ता म्हणजे लांबलचक जिना, डोक्यावर काँक्रीटच्या तिरक्या तुळया, माझे गुडघे बोलायला लागले. पण वर गेल्यावर बरं वाटलं, कारण वरचं प्रदर्शन मरणाचं नाही, जगण्याचं आहे. २०२० मध्ये सगळं नव्याने मांडलंय, जर्मनीतल्या ज्यूंची सतराशे वर्षं. इ. स. ३२१ मध्ये कोलोन शहरातल्या ज्यूंबद्दल रोमन बादशहाचा हुकूम निघाला होता, तिथपासूनची नोंद आहे. मोझेस मेंडेल्सझोन हा त्यांचा मोठा तत्त्वज्ञ, तो १७४३ मध्ये चौदा वर्षांचा असताना देसाउ गावाहून बर्लिनला आला, शिकायला, आपली मुलं पुण्याला जायची तसा, पण ज्यूंना शहरात शिरायला ठराविकच वेस होती.

मी मात्र जास्त वेळ रमले सणावाराच्या आणि देवाधर्माच्या वस्तूंत. शनिवार संपताना मसाल्याचा वास घ्यायचा असतो, त्यासाठीच्या चांदीच्या डब्या, छोट्या मनोऱ्याच्या आकाराच्या, वर चिमुकलं निशाण. आमच्या आजींकडे चांदीबिंदी काही नव्हतं, त्यांच्या अंगणात सब्जा होता, तो तोडून हुंगायच्या आणि आम्हालाही हुंगायला द्यायच्या. कोशर म्हणजे काय ते समजावून सांगितलंय, दूध आणि मटण एकत्र नाही, मासा हवा तर खवले आणि पर असलेलाच. भाचा वाचून म्हणाला, "म्हणजे कोळंबी नाही?" कोळंबी नाही, चिंबोरी नाही, शिंपल्या नाहीत, समुद्राच्या काठावर राहून! यांची ती प्रसिद्ध गोष्टच आहे ना, डेव्हिड राहाबी नावाचा कुणी परका ज्यू कोकणात आला, हे लोक खरंच आपलेच का याची त्याला खात्री पटेना, तेव्हा त्याने बायकांपुढे टोपलीभर मिसळ मासळी टाकली आणि त्यांनी खवले-परवाली तेवढी बाजूला काढली. आणि दूध चालत नाही म्हणून मटणात नारळाचा रस, तेव्हा आजींचं मटण माझ्या आईच्या मटणापेक्षा चांगलं असायचं. आई हे वाचत असेल तर सॉरी.

योम किपूरबद्दल वाचलं, सर्वात मोठा उपास, दिवसभर प्रार्थना, वर्षभराच्या पापांची क्षमा मागायची. मी त्याच्यासमोर उभी आहे आणि डोक्यात एकच शब्द, दारफाळणी. दारफाळणीचा सण! त्या दिवशी आजींचं दार सकाळपासून बंद, पांढरी साडी, कडक उपास, आम्हाला ताकीद की तिकडे फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, मग दार उघडं. त्यांच्या सगळ्या सणांना अशी आपली घरची नावं, नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, आणि पुरीम हा त्यांचा सण आपल्या शिमग्याच्या आसपास येतो म्हणून चक्क होळीचा सण. आणि नवस फेडायचा तर मलिदा, पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने. देव वाटून घेण्यात कोकणाला कधी अडचण आली नाही. हे काही त्या म्युझियममध्ये मला दिसलं नाही आणि असायचं कारणही नाही, ते जर्मनीतल्या ज्यूंचं आहे. पण मी एकेका काचेपुढे भाच्याला आमची बाजू सांगत होते आणि शेजारी एक म्हाताऱ्या बाई उगाच आमच्याजवळून हलत नव्हत्या, मराठी कळत नव्हती पण एलियाहू तेवढं कळलं असावं.

एका काचेत ती नळी होती. चौकटीवरची. मेझुझा. आत चर्मपत्रावर प्रार्थना लिहून गुंडाळी करून ठेवलेली असते, हे मला पन्नाशीत कळतंय. माझा हात आपोआप पुढे गेला. "मावशी, काच आहे," भाचा म्हणाला.

त्यानंतर ते दालन आलं जिथे नाझी काळातले कायदे आणि हुकूम टांगलेत, तारीखवार, शेकडो. मला आधी वाटायचं की एके दिवशी रणगाडे आले आणि सगळं झालं. तसं नाही झालं. सरकारी कागदांनी झालं, एकेक करून. ज्यूंनी गाडी चालवायची नाही. रेडिओ जमा करा. सायकल जमा करा, टाइपरायटर जमा करा. १९४२ मध्ये तर घरात कुत्रं, मांजर, पक्षी पाळायचा नाही असाही हुकूम आहे. कुणीतरी ऑफिसात बसून, चहा-कॉफी पीत, यांच्याकडे अजून काय राहिलंय याचा विचार केला असेल आणि त्याला पोपट आठवला असेल.

आणि त्यात ऑगस्ट १९३८ चा हुकूम. ज्याचं नाव नुसतं ऐकून ज्यू आहे हे कळत नाही अशा प्रत्येक पुरुषाने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावापुढे इस्राएल लावायचं आणि बाईने सारा. ओळखपत्रावर, सहीत, सरकारी कागदावर, सगळीकडे.

मी तिथून हललेच नाही किती तरी वेळ. कारण हा शब्द माझ्यासाठी पत्ता आहे हो. लहानपणी मामाची पत्रं यायची त्यावर खूण म्हणून लिहिलेलं असायचं, इस्राएल आळीजवळ, अलिबाग, जिल्हा कुलाबा. पोस्टमन कधी चुकला नाही. इस्राएल आळीत जाऊन पाव आण, इस्राएल आळीत बॉल गेला, इस्राएल आजींना वाटी परत देऊन ये. आमच्याकडे त्या लोकांनी स्वतःला हेच म्हणवून घेतलं, बेने इस्राएल, इस्राएलची लेकरं, आणि आडनावं लावली आमच्या गावांची. आणि इथे तोच शब्द शिक्का मारायला वापरला, म्हणजे नाव असं की ते वाचून पुढच्याने ठरवायचं याला कुठल्या ट्रेनमध्ये बसवायचं.

भाचा म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे त्यांना काहीच त्रास झाला नाही, प्राउड वाटलं पाहिजे ना?" मलाही हे वाक्य पाठ आहे, लग्नाकार्यात कुणीतरी म्हणतंच. खोटं नाही ते. पण मला विचाराल तर आपण छळलं नाही याचं कौतुक किती दिवस करायचं, आपण त्यांना ओळखलं तरी कुठे? पुण्याच्या लाल देवळासमोरून रोज जाणाऱ्या किती जणांना ते ज्यूंचं देऊळ आहे हे माहीत असतं? मुंबईच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून रोज बस जाते, ते मोझेस मुंबईचे महापौर होते आणि बेने इस्राएल होते, कोण सांगतं? आणि तिकडे इस्राएलला गेल्यावर यांचं सगळं गोडच झालं असंही नाही, तिथल्या काही धर्मगुरूंनी यांच्या लग्नांवरच शंका काढली, तुम्ही पुरते ज्यू आहात का म्हणून, तेव्हा यांना रस्त्यावर उतरून भांडावं लागलं आणि १९६४ मध्ये तो प्रश्न मिटला. म्हणजे बर्लिनमध्ये नावावर शिक्का मारला, आणि यांना तिथे जाऊन पुन्हा सिद्ध करा म्हणाले. टोपलीतली मासळी परत निवडा.

आमच्या आजींची मुलं आधी गेली, लोदला. आजी थांबून राहिल्या होत्या, मी नववीत असताना त्याही गेल्या. जाताना आईला पाटा-वरवंटा देऊन गेल्या, तिकडे विमानात कोण नेणार म्हणून. त्या पाट्यावर आई अजून कधी कधी चटणी वाटते, मिक्सर असला तरी.

म्युझियममधून निघाल्यावर आम्ही बाहेरच्या बाकावर बसून चकल्या खाल्ल्या. फारसं बोललो नाही. खाली त्या म्युझियमच्या दुकानातून मी एक पुस्तक घेतलं, हामेलनच्या ग्लिकल नावाच्या बाईच्या आठवणींचं, इंग्रजी भाषांतर. सतराव्या शतकातली बाई, नवरा गेला तेव्हा पदरात पोरांची रांग, त्याचा जवाहिराचा धंदा हिने सांभाळला, आणि रात्री झोप लागेना म्हणून आपल्या मुलांसाठी लिहायला घेतलं. अजून निम्मंच झालंय माझं, पण बाई जबरदस्त आहे, हिशोबातही आणि मुलांच्या लग्नाच्या काळजीतही, एकदम आमच्या आत्याच.

घरी परत जाताना भाचा फुटपाथवर एकदम थांबला. त्याच्याच बिल्डिंगच्या दोन दारं अलीकडे, फरशीत हाताच्या पंजाएवढे, वर पितळी पत्रा असलेले चौकोनी दगड बसवलेले, चार. त्यावर कोरलंय, इथे राहत होते, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग नावाचा कलाकार हे दगड बसवतो, आता युरोपभर एक लाखाच्या वर झालेत. ९ नोव्हेंबर, म्हणजे १९३८ च्या त्या जाळपोळीच्या रात्रीची तारीख, नुकताच झाला होता त्यामुळे कुणीतरी घासून लख्ख केले होते, शेजारी विझलेली मेणबत्ती. भाचा म्हणाला, "मी दीड वर्षं इथून रोज जातोय." खाली वाकून त्याने चारही नावं मोठ्याने वाचली. आई-बाप आणि दोन मुली. दोन्ही मुलींच्या नावाखाली जन्मसाल लिहिलेलं, एक १९३१, एक १९३४. मग ओलांडून न जाता बाजूने वळसा घालून गेला.

रात्री आईला फोन लावला. तिकडे उजाडायचं होतं पण ती चारलाच उठते. म्हटलं आई, शेजारच्या आजींच्या दारावर ती नळी होती ना, तिचं काय झालं?

"ती काढून नेली त्यांनी जाताना," आई म्हणाली. "मुलगा आलेला ना न्यायला, त्याने काढली, रुमालात बांधली, आजींनी कमरेला खोचली."

मग मी विचारलं, चौकट तीच आहे का अजून? कारण ते घर मधे दोनदा विकलं गेलं, आता खालच्या मजल्यावर मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे.

"चौकट सागाची आहे, ती कशाला कोण बदलेल? रंग काढलाय फक्त, निळा. खिळ्यांची भोकं दिसतात अजून, एकाखाली एक. वरच्या भोकात त्याने हुक मारलाय, दुधाची पिशवी अडकवायला." आणि मग, "तू स्वेटर घालतेस ना नीट? आणि चकल्या मऊ नाही ना पडल्या?"